उजव्या बाजूचा स्पीकर

आबा, कळंबच्या बंगल्यातले ते दोन मोठे स्पीकर आता माझ्या घरी आहेत. मालकांनी बंगला विकला, तिथे कोणीतरी रिसॉर्ट काढतंय. ते मुलाकडे राहायला चाललेत आणि त्याच्या फ्लॅटात कमरेहून उंच असे दोन लाकडी खोके कुठे मावणार? त्यांनी मला खालापूरच्या कचेरीत फोन करून शोधलं. म्हणाले, "हे नीट ऐकेल असं दुसरं माणूस मला माहीत नाही, तुम्ही घेऊन जा." टेंपोतून स्पीकर आले, त्यांचा ॲम्प्लिफायर आला, वायरींचं भेंडोळं आलं. मागची खोली, जिथे तुमचं शेवटचं आजारपण गेलं, ती मी त्यांच्यासाठी रिकामी केली.

रविवारी सकाळी बसवायला घेतले. आई दारातल्या खुर्चीवर वाल सोलत बसली होती. पाठ भिंतीला टेकवून ठेवले तर खर्जाचा नुसता गोळा होत होता, म्हणून दोन्ही पुढे ओढले. फरशीवर सतरंजी अंथरली, खिडकीला जाड पडदा लावला. दोन स्पीकर आणि माझी खुर्ची, तिन्हींमधलं अंतर टेपनं सारखं करून घेतलं आणि स्पीकरची तोंडं खुर्चीकडे जराशी वळवली. हे सगळं तुम्ही शिकवलेलं. नीट लागले की स्पीकर खोलीतून नाहीसे होतात आणि गाणारी बाई मधल्या रिकाम्या जागेत येऊन उभी राहते, हेही तुमचंच वाक्य. गाणं लावलं, तरी बाई मध्ये येईना, थोडी डावीकडेच राहिली. मी उठायचे, उजवा स्पीकर बोटभर सरकवायचे, परत येऊन डोळे मिटायचे. असं बराच वेळ चाललं. शेवटी ती मध्ये आली, इतकी नेमकी की मला तिचं श्वास घेणंही ऐकू आलं. मी हसले असेन. कारण आई म्हणाली, "जमलं ना? एकटीला जमलं तुला. तुझ्या आबांना तू लागायचीसच. एका कानावर माणसाला काय कळणार?"

मी विचारलं, "एका कानावर म्हणजे?"

आईचे हात थांबले. "तुला नाय म्हाईत? त्यांचा उजवा कान कुठं होता गं. लग्नाच्या आदीच गेलेला. लहानपणी फुटला, तो तसाच राह्यला. मला पण लग्न झाल्यावरच कळलं. त्या बाजूनं हाक मारली तर वळायचेच नाय."

मी गाणं बंद केलं. आबा, मला आधी काय आठवलं सांगू? तुमच्या कर्जतच्या दुकानातलं ते बाकडं आठवलं. शाळा सुटली की मी तिथे येऊन बसायचे, तुम्ही रेडिओ नाहीतर ॲम्प्लिफायर उघडून बसलेले असायचात आणि बाकडं तुमच्या उजव्या हाताला होतं. मी तिथून काय काय सांगायचे! बाईंनी वर्गासमोर वाचायला लावलं, मैत्रीण बोलत नाही, सहलीला माथेरानला नेणार आहेत. तुम्ही मान वर करायचा नाहीत. मला वाटायचं, आबांना माझं बोलणं आवडत नाही. मग मी थोडक्यात बोलायला शिकले. पुढे बोलणंच कमी झालं माझं. आजही कचेरीत लोक म्हणतात, बाई मोजकं बोलतात.

आणि मग बंगले. मुंबईच्या लोकांनी आपल्याकडे शनिवार-रविवारचे बंगले बांधले, त्यात गाणं ऐकायच्या वेगळ्या खोल्या केल्या आणि तुम्हाला बोलावणी येऊ लागली. कॉलेजला असल्यापासून तुम्ही मला बरोबर न्यायचात. स्पीकर जागेवर ठेवून झाले की मला खुर्चीत बसवून म्हणायचात, "डोळं मिट. बोट दाखव, गाणारी कुठं हाय?" मी बोट दाखवायचे. तुम्ही स्पीकर हलवायचात. "आता?" मी पुन्हा दाखवायचे. माझी केवढी कॉलर ताठ व्हायची! तुम्हाला सगळं कळतंच आहे, तुम्ही मला तयार करताय, अशी माझी खात्री होती. तुम्ही माझी परीक्षा घेत नव्हता, आबा. तुम्ही मला विचारत होता. एका कानाला गाणारी बाई कुठे उभी आहे हे कळतच नाही. इतकी वर्षं माझा कान वापरलात आणि मला ते कळूही दिलं नाहीत.

तेवढंच असतं तर मी आज हसून सोडून दिलं असतं. पण कळंबचा तो दिवस आहे. हेच स्पीकर, नवेकोरे. मालक समोर कोचावर. मी बोट दाखवलं, तुम्ही हलवलंत, बाई मध्ये आली आणि मालक खूश होऊन म्हणाले, "वा! तुमच्यापेक्षा मुलीचा कान तयार आहे. पुढच्या वेळी हिलाच पाठवा." तुमचा चेहरा उतरला. तुम्ही उठून उजवा स्पीकर चांगला पुढे ओढलात. मी म्हटलं, "आबा, आता ती उजवीकडे गेली." तुम्ही पुन्हा ओढलात. मी पुन्हा तेच म्हटलं. तेव्हा तुम्ही मालकांकडे बघत म्हणालात, "तिचा कान कच्चा हाय, सायेब. हौस म्हणून येते. तू उगा मधी बोलू नको गं, गाडीत जाऊन बस."

मी गाडीत जाऊन बसले. त्यानंतर मला कधी बरोबर नेलं नाहीत आणि मीही विचारलं नाही. मला मुंबईला जाऊन ध्वनिमुद्रणाचं शिकायचं होतं, फॉर्म आणून ठेवला होता, तो भरला नाही. कच्च्या कानाच्या मुलीनं तिथे काय करायचं? सरकारी परीक्षा दिली, पास झाले. पुढे तुमची बोलावणी कमी होत गेली. तुम्ही सांगायचात, गुडघे दुखतात. मी त्यावरही विश्वास ठेवला.

हे मी आईला रविवारी पहिल्यांदा सांगितलं. ती म्हणाली, "लोकांना कळलं असतं तर बंगल्यावर कोण बोलवणार होतं त्यांना?"

"लोकांना नको. मला सांगायचं होतं."

"तुलाच तर कळू द्यायचं नव्हतं. आबांसारखा कान कुनाचा नाय, असं तू गावभर सांगत फिरायचीस. ते ऐकून आल्यावर लय खूश असायचे. मला शपथ घातलेली त्यांनी."

"आणि तू ती पाळलीस. माझा फॉर्म कपाटात पडून होता तेव्हाही."

आईनं वालाची परात उचलली आणि आत गेली. दोन दिवस आमच्यात जेवणापुरतंच बोलणं झालं. तिच्यावर रागवायला ती समोर तरी आहे.

काल कचेरीतून आल्यावर मी त्या खोलीत बसले, गाणं लावलं आणि तळहातानं उजवा कान घट्ट दाबला. सगळी खोली एका बाजूला कलंडली. मध्ये कोणी नव्हतं. डाव्या स्पीकरमधून गाणं येत होतं आणि उजवा नुसता लाकडाचा खोका होता. त्या दिवशी तुम्ही तो पुढे का ओढत होता ते कळलं. मी थोडा वेळ तशी बसले, मग घाबरून हात काढला. तुम्हाला हात काढता येत नव्हता, हे मला समजतं. तरीही आबा, गाडीत नेऊन "पोरी, मला ऐकू येत नाही" एवढं म्हणायचं होतं. मी जन्मभर तुमचा उजवा कान होऊन फिरले असते, आणि आनंदानं.

आज मालकांचा फोन आला होता. स्पीकर नीट बसले का, म्हणून. "बसले," म्हटलं. ते म्हणाले, "बसणारच. तुमच्या वडिलांचा कानच तसा होता. कुठे मिळतो आता असा माणूस!" सगळं ओठांवर आलं होतं. त्यांना सांगून टाकावं, निदान एका माणसाला तरी कळू दे.

हे कुठे पाठवायचं नाही, आणि आईला वाचता येतं म्हणून घरातही ठेवायचं नाही. फाडण्याआधी एवढंच लिहिते: मी मालकांना "हो" म्हटलं. तुम्हाला माफ केलं म्हणून नाही. तुमच्याबद्दल कोणी चांगलं बोललं की मला अजून बरं वाटतं, म्हणून.