काकूंच्या कुळाचं नाव

केपटाउन, रविवार

प्रिय आई,

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझे गुडघे कसे आहेत?

बाळ गेल्यावर आपल्या मनाचं काय झालं, ते थांडेका काकूंनी माझ्या संशोधनासाठी सांगितलं, मी घरची म्हणून. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी ते आपल्या पुस्तकात घेताना काकूंचं नाव बदललं, पण कुळाचं नाव 'मामपिंगा' तसंच छापलं. गावात त्या कुळाची बाई एकच, कुणीही ओळखेल! ते छापू नका, असं मी दोनदा बजावलं होतं.

"अगं, बाईला कुळाच्या नावानं हाक मारणं हा तर आपल्या संस्कृतीत मान," मॅडम हसल्या. आणि भाषणं देतात, आपल्या माणसांचं ऐकावं कसं!

काकू फोन उचलत नाहीत. त्यांना सांग, रेकॉर्डर बंद केल्यावर त्यांनी बाळाचं नाव सांगितलं होतं. ते मी मॅडमना अजूनही सांगितलेलं नाही.

तुझीच,
नोमवुयो