ज्याने ‘माझा’ म्हटले त्याला

मी, एलिसिओ झेफरिनो फ्रियास, वय सत्तावीस, काम मासळी कापण्याचे, राहणार न्यू बेडफर्ड, मॅसॅच्युसेट्स, हे माझे शेवटचे इच्छापत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शाळेने माझे नाव ‘एलिस’ असे लिहिले व मासळीच्या कारखान्यातही तेच चालते. दोन्ही माणसे मीच. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप ठिकाणावर नाही, ती येत्या गुरुवारी बॉस्टनमध्ये बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात काळजीचे कारण नाही. मी कारण नसतानाही काळजी करतो, म्हणून हा कागद. कोणी दडपण आणलेले नाही. याआधी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखेही काही नाही. मी शाळा दहावीत सोडली. अवघड शब्द शब्दकोशात पाहून लिहिले आहेत. तरी चूक निघाल्यास तिचा फायदा घेऊन कोणी अर्थ बदलू नये.

१. माझ्या सुऱ्या कामावरची जोडीदार इव्होन हिला द्याव्यात. पातळ पात्याची सुरी चपट्या माशासाठी आहे, डबे उघडण्यासाठी नाही. जिवंतपणी सांगून उपयोग झाला नाही.

२. बँकेत जे असेल त्यातून अंत्यविधी करावा व उरेल ते बहीण लुसीलिया हिला द्यावे. अंत्यविधी बाद फेरीच्या सामन्याच्या संध्याकाळी ठेवू नये. निम्मे लोक येणार नाहीत आणि उरलेले कानात रेडिओ लावून येतील. मीही तसाच एका मयतीला गेलो होतो.

३. वॉटर स्ट्रीटच्या मैदानावर जाळीमागे माझी घडीची खुर्ची असते. ती शेजारीण मिसेस ओडेट ब्रिसेट यांना द्यायची होती. पण त्या या कागदावर साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देऊ नये असा नियम आहे. त्यांना सांगितले तर म्हणाल्या, “बरं झालं. मोडकीच आहे.” खुर्ची मैदानाला द्यावी.

४. मते हीही मालमत्ता धरली, तर माझे एक मत बेकरीत रविवारी जमणाऱ्या मंडळींना ठेवतो. आमच्या गावच्या बेसबॉल लीगमधल्या बाद फेऱ्यांत सर्वात मोठा झेल कोणता, हा त्यांचा जुना वाद आहे. सगळे टिबर्शिओचे नाव घेतात. तो उजव्या कुंपणावर चढला, चेंडू घेतला आणि शर्ट तारेत अडकून तसाच लोंबकळत राहिला.

“अरे, वाळत घातलेल्या कपड्यासारखा लटकला होता तो!” बेकरीवाला दर रविवारी म्हणतो.

“लटकला, कारण पहिलं पाऊल पुढे टाकलं. मागे टाकलं असतं तर उभ्यानं घेतला असता,” मी म्हणतो.

“तुला झेल दिसत नाही, पावलं दिसतात. मोची आहेस का तू?”

माझे उत्तर लेखी देतो. सर्वात मोठा झेल माझे वडील झेफरिनो फ्रियास यांनी १९८८ च्या अंतिम सामन्यात घेतला. मी तेव्हा जन्मलो नव्हतो. पंच ज्युव्हेनाल फुर्ताडो यांनी पाहिला व मला सांगितला. पापा मध्यक्षेत्रात होते. बॅटचा आवाज होताच त्यांनी चेंडूकडे पाठ केली, मान खाली घालून कुंपणापर्यंत धावले, वळले, आणि बसची वाट पाहावी तसे उभे राहिले. चेंडू त्यांच्या ग्लोव्हमध्ये आला. लोक म्हणाले, सोपा होता. ज्या झेलाला लोक सोपा म्हणतात तो कोणीतरी आधी धावून सोपा केलेला असतो, असे माझे मत आहे. हृदयामुळे मी स्वतः कधी खेळलो नाही, फक्त पाहिले आहे. मंडळींनी तेही धरून चालावे.

५. स्वयंपाकघरातल्या कपाटात बिस्किटांच्या डब्यात एक चेंडू आहे. तो २००८ च्या अंतिम सामन्यातला. पापा तेव्हा संघाचे प्रशिक्षक होते. मध्यक्षेत्रात माझा मोठा भाऊ ऑक्टाव्हिओ, त्याच्या डावीकडे लुसीलियाचा नवरा डेल्फिम. आपण एका धावेने पुढे, शेवटचा डाव, समोरच्यांचा शेवटचा गडी बाद व्हायचा, त्यांचे दोघे बेसवर, धाव घ्यायला टपलेले. चेंडू उंच उडाला आणि या दोघांच्या मधोमध यायला लागला. अशा वेळी जो घेणार त्याने मोठ्याने ‘माझा!’ म्हणायचे असते. दोघेही म्हणाले तर तो मधल्याचा. मग दुसऱ्याने बाजूला होऊन त्याच्या मागे जायचे, निसटलाच तर अडवायला. पापा सगळ्यांना सांगत, “तोंड उघडा! चेंडूला कान नाहीत, शेजाऱ्याला आहेत.”

कोणीच तोंड उघडले नाही. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. फुर्ताडो यांची मूठ ‘बाद’ दाखवायला खांद्यापर्यंत वर आली होती, ती त्यांनी खाली घेतली. चेंडू गवतावर पडला, त्यांचे दोघेही धावा पूर्ण करून आले आणि आपण हरलो.

“तुझा होता!” ऑक्टाव्हिओ म्हणाला.

“मध्ये तू होतास. म्हणायचं तू!”

“तू जवळ होतास!”

“मग तू थांबलास कशाला, माझा फोटो काढायला?”

तेव्हापासून दोघे बोलत नाहीत. नाताळला गोडाचा पाव लुसीलियामार्फत जातो आणि रिकामे ताट लुसीलियामार्फतच परत येते. कोणाचा दोष होता याविषयी मी मत देणार नाही. चेंडू कोणाला द्यायचा ते पुढच्या कलमात.

६. घर. पापांना विसर पडू लागल्यावर त्यांनी हे घर माझ्या नावे केले, कारण मी त्यांच्याबरोबर राहतो. ते अजून आईचे ताट मांडतात. खिडकीसमोरून सीगल पक्षी उंच गेला की खुर्चीतून उठून दोन पावले मागे सरतात. मी नसलो तर त्यांना कोण पाहील? ऑक्टाव्हिओ समजतो, डेल्फिमचे घर पलीकडच्या गल्लीत आहे, तोच पाहील. डेल्फिम समजतो, थोरला मुलगा ऑक्टाव्हिओ आहे, तोच पाहील. मी दोघांना वेगवेगळे विचारले. दोघेही म्हणाले, “बघू रे.” लुसीलियाचे हात तिच्या तीन मुलांनी भरलेले आहेत.

वकिलाला विचारले की बाप मृत्युपत्राने देता येतो का. तो हसला. मी विनोद केला नव्हता.

म्हणून असे ठरवतो: जो कोणी पापांविषयी साक्षीदारांसमोर, ऐकू जाईल अशा आवाजात, ‘माझे’ म्हणेल, त्याला घर व चेंडू दोन्ही मिळावे.

७. कलम सहाची दुरुस्ती. सही करण्यापूर्वी, आज रविवारी दुपारी, मी ऑक्टाव्हिओ व डेल्फिम यांना स्वयंपाकघरात बोलावले. साक्षीदार हजर होते. पापा खिडकीशी बसले होते. मी कलम पाच व सहा वाचून दाखवले आणि चेंडू टेबलावर ठेवला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मला ते पाहणे ओळखीचे होते.

“हे काय, लिलाव आहे का?” ऑक्टाव्हिओ म्हणाला.

“मग बोली लाव की,” डेल्फिम म्हणाला.

“तू कुठे लावतोयस?”

मिसेस ब्रिसेट यांनी कॉफी ढवळली. मी कागदाची घडी घालायला घेतली.

तेवढ्यात पापा उठले. त्यांची नजर चेंडूवर होती की बाहेरच्या पक्ष्यावर, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. त्यांनी दोन्ही हात पसरले, शेजारच्यांना दूर करतात तसे, आणि ओरडले, “माझा! माझा! सरका!”

डेल्फिम खुर्चीतून उठला. “घ्या, कोच! मी मागे आहे.”

“मागे मी आहे,” ऑक्टाव्हिओ म्हणाला.

“तू त्या बाजूनं ये ना, गाढवा!”

“येतोय!”

दोघे खरोखर पापांच्या मागे जाऊन उभे राहिले. मागे दोघे धावले तरी चालते, त्याविरुद्ध नियम नाही. पापांनी चेंडू उचलला, शिवण चाचपली आणि विचारले, “किती झाले?” डेल्फिम म्हणाला, “आपण पुढे आहोत.”

म्हणून कलम सहा रद्द. माझ्यानंतर घर पापांचे, ते आहेत तोवर, चेंडूही त्यांचाच. मागे राहण्याची जबाबदारी ऑक्टाव्हिओ व डेल्फिम या दोघांची, पाळीने, आणि पाळी एकमेकांशी बोलून ठरवावी, लुसीलियामार्फत नाही. पापांच्या पश्चात घर ऑक्टाव्हिओ, डेल्फिम व लुसीलिया या तिघांत सारखे वाटावे.

वरील सर्व मी वाचून पाहिले आहे. शुद्धलेखन तपासले आहे.

सही: एलिसिओ झेफरिनो फ्रियास (ऊर्फ एलिस)

साक्षीदार: ओडेट ब्रिसेट, शेजारीण. खुर्चीवर हक्क नाही.

साक्षीदार: ज्युव्हेनाल फुर्ताडो, निवृत्त पंच. यांनी सही करण्याआधी उजवी मूठ खांद्याच्या वर नेली आणि तिथेच धरली. मी विचारले, हे कागदावर लिहायचे का? म्हणाले, “लिही. सगळ्यांनी पाहिलंय.”

न्यू बेडफर्ड, रविवार, ६ ऑक्टोबर २०१९