फायनलला बाहेर बसवलेला कॅप्टन

सर,

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. आपलं बोलणं मात्र त्याच्या कितीतरी आधी थांबलं होतं. आज शुक्रवार, कुवेतची सुट्टी, जाब्रियातलं आमचं क्लिनिक बंद आहे. बायको जेवून आडवी झाली आहे. मीही दमलोय, पण डोळा लागत नाही, म्हणून लिहायला बसलो.

इथल्या आठ खाजगी कॉलेजांची खेळांसाठी मिळून एक कॉन्फरन्स, म्हणजे संघटना, आहे. तिची मुलांची फुटबॉल अजिंक्यपद स्पर्धा हिवाळ्यात दहा दिवसांत उरकतात. यंदा एका कॉलेजने आमच्याकडे फिजिओ मागितला आणि फुटबॉल खेळलेला मीच एकटा म्हणून मला पाठवलं. दुपारपर्यंत पेशंटांच्या कमरा आणि खांदे, चार वाजता मैदान. बावन्नाव्या वर्षी बॅग घेऊन मैदानात धावत जायचं हे काही माझं वय नव्हे. तरी पहिल्या दिवशी ओळीने बसून बुटांच्या नाड्या आवळणारी ती मुलं बघितली आणि मीही वाकून माझ्या नाड्या पुन्हा बांधल्या. तुम्हाला सांगायला हरकत नाही.

संघाचा कॅप्टन श्रीवर्धनकडचा, वडिलांचं फहाहीलला कापडाचं दुकान. मी मराठीत विचारायचो, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा. कॉलेजचं शेवटचं वर्ष. सेमीफायनलमध्ये त्याचा उजवा गुडघा आत वळला, तरी लंगडत खेळला आणि सामना काढून दिला. एमआरआयची वेळ मिळाली ती फायनलनंतरची. म्हणजे माझ्याकडे फक्त माझे हात. फायनलच्या दिवशी त्याला टेबलावर झोपवलंय, गुडघा हातात धरलाय. आतल्या बाजूला दाबलं तसा त्याने श्वास रोखला आणि लगेच सोडला. "नो पेन, अंकल. आय ॲम फाइन." त्यांचा कोच इजिप्तचा, भला माणूस, दारातच उभा. "डॉक्टर, शेवटची वीस मिनिटं तरी?" मी नाही म्हणालो.

एक-एक अशी बरोबरी झाली आणि पेनल्टीत हरलो. त्याचे वडील दुकान बंद करून आयुष्यात पहिल्यांदा मुलाचा सामना बघायला आले होते, आणि मुलगा ट्रॅकसूट घालून बाकावर बसलेला. सामना संपल्यावर तो माझ्याजवळ आला. "तुम्हाला काय माहीत," एवढंच म्हणाला. माझ्याशी बोललेलं त्याचं हे पहिलं मराठी वाक्य. वडील मागून येऊन हळूच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पोरगा आपल्या पायांनी चालत घरी येतोय. मला बस आहे." मला मान वर करवली नाही.

मला काय माहीत, हे तुम्हाला माहीत आहे. मी कॉलेजात, तुम्ही आमचे कोच; कोल्हापुरात आंतरमहाविद्यालयीन फायनलला तुम्ही यादी वाचली आणि माझं नाव आलंच नाही. "सर, गुडघा दुखत नाहीये," मी म्हणालो. "मी विचारलं का तुला?" तुम्ही यादी खिशात घातलीत. "आज तू बाहेर. बसायचं गप." त्यानंतर सगळ्या संघासमोर मी तुम्हाला जे बोललो, ते कागदावर लिहवत नाही. तुम्ही ऐकून घेतलंत आणि पोरांना वॉर्मअपला पाठवलंत. वर्षभर मी जिमखान्याची पायरी चढलो नाही. फिजिओथेरपीला नंबर लागला तेव्हा तुम्ही सायकलवरून घरी आलात. मी आतल्या खोलीतून बाहेर आलो नाही. आईच्या हाती तुमची फर्स्ट एडची रेक्झिनची बॅग देऊन गेलात, आत नवी बँडेजं आणि कात्री. चहासुद्धा घेतला नाहीत, असं आई किती दिवस म्हणत होती.

पुढे मी सगळीकडे सांगत आलो की सरांनी माझा गुडघा वाचवला. इथल्या शिकाऊ फिजिओंनाही सांगतो. खरं तर तेव्हा एक्सरेसुद्धा काढला नव्हता. वाचवण्यासारखं काही होतं की नाही, कुणालाच ठाऊक नाही.

गेल्या आठवड्यात कॅप्टनचा रिपोर्ट आला. लिगामेंट शाबूत, थोडी सूज. वीस मिनिटं नक्की खेळला असता. कदाचित पूर्ण सामनाही. मी त्याला फोन केला. "ओके, थँक्यू," म्हणाला आणि ठेवला. कोच म्हणाला, "डॉक्टर, सेफ्टी फर्स्ट," आणि क्लिनिकला आभाराचं पत्र आलं. ते साहेबांनी रिसेप्शनच्या भिंतीवर लावलंय. रोज त्याच्यासमोरून जावं लागतं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहितो. त्या दुपारी गुडघा माझ्या हाताला फारसा सैल, म्हणजे लिगामेंट तुटल्यासारखा, लागलाच नव्हता. सकाळपासून अकरा पेशंट झाले होते, पाय भरून आले होते, आणि आणखी एका माणसाची जबाबदारी मला नको होती. नाही म्हटलं की विषय संपत होता. तुम्हीही त्या दिवशी नुसते दमलेले होतात का, सर? असाल तर माझी काही तक्रार नाही. मी मात्र त्या मुलाला अजून खरं सांगितलेलं नाही, आणि सांगेन असं वाटत नाही.