पावलाचा कागद

अब्बा, रविवारपासून, म्हणजे इथला नवा आठवडा सुरू झाला की, मी रोज दीड वाजता ऑफिसातून निघू शकते. आज सकाळी एचआरच्या मॅडमनी स्वतः फोन करून सांगितलं. उरलेलं काम घरून करायचं, पगार आणि पद तेच. मुलं लहान असलेल्या सगळ्यांना ही सवलत आहे, बापांनासुद्धा. फोन आला तेव्हा माझा राजीनामा लिहून तयार होता. इथे सौदीतच, ओलाया भागातल्या या ऑफिसात आठ वर्षं काढली, काम आवडतं; पण मुलगा शाळेतून येऊन शेजारणीकडे माझी वाट बघत बसतो, हे सोसवत नव्हतं. नवऱ्याला कळवलं तर म्हणाला, "म्हणजे राजीनामा खलास? मग आता रोज सकाळी चिडणार कुणावर?" आठवडाभर ढकलत आणलेला रिपोर्ट मी आज दुपारीच संपवला. खुर्ची तीच होती, मी मन लावून बसले होते, इतकंच.

तुम्ही बुरैदाहून लिहायचात, पोरीचं पाऊल कागदावर आखून पाठवा. आई मला स्वयंपाकघरात कागदावर उभी करते, बोटांभोवती पेन्सिल फिरवते. गुदगुल्यांनी मी हलते आणि चापट खाते. गावातलं कुणी सौदीला निघालं की कागद त्याच्याबरोबर जायचा. एका वर्षी खजुराच्या वखारीत माणसं कमी पडली आणि कफीलनं, तुमच्या मालकानं, तुमची सुट्टी वर्षभर पुढे ढकलली. तुम्ही आलात ते पुढच्या ईदला, लाल बूट घेऊन. त्याच जुन्या कागदावर ठेवून दाखवलेत, रेघेला रेघ जुळत होती. मग गुडघे टेकून तुम्हीच माझ्या पायांत चढवलेत आणि विचारलंत, "होतात ना गं?" मी मान डोलावली. आई काही बोलणार होती, पण तुमच्याकडे बघून चहा टाकायला वळली. त्या दिवशी तुम्ही जितके खूश होतात, तितके नोकरीबद्दल बोलताना कधी दिसला नाहीत.

रविवारी मी मुलाला शाळेतूनच बुटांच्या दुकानात नेणार आहे. सांगितलं तर त्यानं दोनदा विचारलं, "मम्मा, आप खुद आओगी?" त्याला बूट घालून दुकानभर चालायला लावीन. नुसती मान डोलावली तर ऐकणार नाही.

तुम्ही हे जग सोडून गेलात तिथे हा कागद आता कुणाबरोबर पाठवू? पण लिहिते आहे तर सांगून टाकते, अब्बा. ते बूट मला होत नव्हते. ती अख्खी ईद मी बोटं मुडपून चालले.