अष्टमीला जपानी बंद

नागपूर, आश्विन वद्य अष्टमी, १९७४

ती. सौ. रंभाताईच्या चरणी धाकट्या शालिकरामचा नमस्कार.

तुझे गुडघे, भाऊजींचा दमा आणि कुहीचे धान, तिन्ही बरे असतील असे धरून चालतो. आता तक्रार. 'या वयात जपानी काहून गा? डोकं फिरलं का तुयं?' हा प्रश्न तू उघड्या कार्डावर लिहिलास. पोस्टमनने तो फाटकाशी उभे राहून मोठ्याने वाचला आणि उत्तर ऐकायला थांबला. भाऊ वेडा ठरायचाच असेल, तर निदान बंद पाकिटात ठरावा.

तर उत्तर. जावई ओसाकाला गेले, तेव्हा आमच्या देवकीने जपानी शिकायचे पुस्तक आणले. चार पानांत ती दमली, आणि पुस्तक डुगडुगत्या कपाटाला टेकू म्हणून लागले. तिथून ते मी सोडवले. (कपाट पुन्हा डुगडुगते. कुसुम रोज आठवण देते.) शेजारचे वामनराव म्हणाले, रोज वीस अक्षरे घोका, वर्षात फडशा पाडा. घोकली. पण नवी वीस पुढच्या दाराने आली की जुनी वीस मागच्या दाराने जात. मग मी आबांच्या पाठशाळेची शिस्त लावली. रोज दोनच अक्षरे. आधी कालची म्हणून दाखवायची, मगच आजची. आणि प्रतिपदा-अष्टमीला अनध्याय, नवा धडा बंद. (आज अष्टमी, म्हणून तर तुला पत्र.) कुसुम विचारते, "जपानी लोकाइले तुमची अष्टमी मालूम तरी हाय का जी?" नसेल. ते त्यांचे दुर्दैव.

कागदावर अक्षर हातात मुरेना, म्हणून सकाळी कुसुमच्या रांगोळीतली चिमूट घेऊन दारापुढे गिरवू लागलो. पहिला काढला डोंगर. डोंगर म्हणजे खाली एक आडवी रेघ, वर तीन उभ्या, मधली उंच. थोडक्यात, दांडा मोडलेला त्रिशूळ. समोरचे मारोतराव इतवारीतल्या आपल्या भांड्यांच्या दुकानाला निघाले होते, ते थबकले.

"गुरुजी, कोणाच्या नावानं काढून राहिले हे?"

मी खरे ते सांगितले, डोंगर आहे. एवढ्याने माणसाचा संशय फिटावा. त्यांचा पक्का झाला. दुपारी आमच्या फाटकाला लिंबू-मिरची लागली, आणि दूधवाला रस्त्यापलीकडूनच "वहिनी, भांडं इकडं आणा" म्हणू लागला. कुसुम म्हणाली, पुसून टाका. मी दुसऱ्या दिवशी डोंगर दुप्पट काढला आणि शेजारून नदी सोडली.

काल मारोतराव स्वतः आले. चुकून डोंगरावर पाय पडला, त्याच दिवशी एका गिऱ्हाइकाने लेकीच्या लग्नाची सगळी भांडी नेली म्हणे. "आमच्याही दारात काढा न जी एक!" मी म्हटले, उद्या अष्टमी, जमणार नाही. "हो हो, तिथी पाहूनच करा," म्हणून हात जोडून गेले. करणी करणारा मी एका आठवड्यात सिद्धपुरुष झालो. फक्त विद्यार्थी आहे हे कोणी मानायला तयार नाही.

तेव्हा भाऊजींना खुशाल हसू दे. वामनराव वीस-वीस ओरडू देत. मी दोनाच्या चालीने चाललो आहे, आणि सोडणार नाही.

तुझा,
शालिकराम

ता. क. नवा तांदूळ निघाला की पायलीभर पाठव. पत्राचा मूळ हेतू हाच, असे कुसुमला सांगितले आहे.

आणखी ता. क. (हे भाऊजींना वाचून दाखवू नकोस.) गेल्या महिन्यात वर्गात 'हरि' शब्द चालवताना मध्येच थांबलो. जन्मभर शिकवलेला शब्द. पोरांना वाटले, मी त्यांची परीक्षा पाहतो आहे. जुने खरेच आठवते की नुसते जिभेला वळण आहे, हे जुन्यावरून कळत नाही. डोक्यात नवे राहते का, हे पाहायला संस्कृताचा काडीचाही आधार नसलेले काहीतरी हवे होते. राहते, ताई. कालची दोन्ही आज आली. परवाचे एक आले नाही.

आबांनी मला, पोटच्या पोराला, "कोण रे तू?" विचारले, तेव्हा मी एका दिवसाचा पाहुणा होतो. तू गावातच होतीस. त्यांचे हे सुरू झाले तेव्हा वय काय होते, आणि आधी काय विसरले, ते कळव. मला भीती वाटते. कार्डावर लिहिलेस तरी चालेल.