उजव्या चाकाचा ब्रेक

प्रिय ताई,

फोनवर हे बोलायला जमलं नसतं, म्हणून लिहायला बसलोय. इकडे सगळे बरे आहेत. बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण त्याहून जास्त ते स्वतः कुरकुरतात, तेव्हा काळजी नको. माझी लेक शिकाऊ परवाना घेऊन आली आणि आल्या आल्या जाहीर केलं, शिकेन तर आजोबांच्या जुन्या गाडीवरच.

म्हणून रविवारी गाडी बाहेर काढून ब्रेक तपासायला घेतले. तुला आठवत असेल, तिचे ब्रेक तेलावर नाहीत, सळ्यांवर चालतात. एकेक चाक जॅकवर उचलायचं, हाताने फिरवत नट आवळायचा, चाक आतून घासायला लागलं की किंचित सैल करायचं. चारही चाकं सारखी धरली पाहिजेत, नाहीतर ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते. शेवटी प्रत्येक नटामागचा लॉकनट घट्ट करायचा, म्हणजे पहिला हलत नाही. लेक शेजारी उकिडवी बसून बघत होती. मध्येच म्हणाली, "आत्या एवढी छान चालवायची म्हणतोस, मग तिने गाडी का सोडली?"

घरात सगळे सांगतात तेच मीही सांगितलं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी तू बाबांना घेऊन उतारावरून येत होतीस. समोर सायकलवाला आला, तू ब्रेक दाबलास, गाडी डावीकडे जाऊन भिंतीवर आदळली. बाबांचा गुडघा फुटला. तू सांगत राहिलीस की गाडीच ओढली. बाबा म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं." त्यानंतर तू स्टिअरिंगला हात लावला नाहीस. लेक "अरेरे" म्हणाली आणि पुसायला फडकं घेतलं. मला पुढचं काम सुधरेना.

ताई, अपघाताच्या आदल्या दिवशी ते ब्रेक मीच जुळवले होते. मित्र फाटकाशी ताटकळले होते, त्या घाईत पुढच्या उजव्या चाकाचा लॉकनट आवळायचा राहिला. गाडी घरी आणल्यावर तू दवाखान्यात बाबांपाशी होतीस, तेव्हा मी खाली शिरून पाहिलं. नट फिरून मागे आला होता, ते चाक धरतच नव्हतं. मी तो जागेवर आणला, घट्ट केला आणि हात धुऊन जेवायला बसलो. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने सांगितलं, ब्रेकमध्ये काही खोट नाही. तू माझ्याकडे वळून म्हणालीस, "तू तरी सांग." मी खाली बघितलं.

काल हे घरात सगळ्यांसमोर बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मला काय सांगतोस? तिला सांग." म्हणून हे पत्र. माफ कर म्हणायला तोंड नाही. तू गाडी नीट चालवत होतीस, हे आता घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

तुझाच,
धाकटा