बैलांच्या पाण्याची साक्ष

आबा, तुम्ही गेलात त्या वयापेक्षा आता मीच मोठा झालो आहे, तरी तुमच्याशी बोलायचं म्हटलं की मान खाली जाते. तुमच्या तोंडावर जे कधी बोललो नाही ते निदान कागदावर उतरतं का पाहतो. चोपड्याच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची गाडी आली की तिथला पारखी बाही वर सारायचा आणि कोपरापर्यंत हात गाडीत खुपसायचा. वरचा कापूस सगळ्यांचाच कोरडा असतो, ओल खाली असते. वजन वाढावं म्हणून कापसाला पाणी मारणारे आपल्या भागात कमी नव्हते, आणि तेच दुसऱ्याच्या नावानं बोटं मोडायला पुढे असायचे. फक्त तुमच्या गाडीत कुणी हात घालत नसे. पारखी लांबूनच म्हणायचा, ‘‘आबा, घ्या काट्यावर.’’ तुम्ही काही झालंच नाही असा चेहरा करून टोपी नीट करायचात. तेवढ्यासाठी तुम्ही जगत होतात, हे मला तेव्हा कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

त्या वर्षी मी मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो आणि दुसरी गाडी माझ्याकडे होती. कापूस पायांनी तुडवून दाबत भरायचा असतो. ते मला कधी जमलं नाही. एकदा जेवताना, कळण्याची भाकरी हातात तशीच धरून, आईसमोर आणि सालदार गड्यासमोर तुम्ही म्हणालात, ‘‘तुनी गाडी हलकी का येस रे? सालदारनी भरेल येस, तुनी नही. इतलं शिकीसन काय उपेग?’’ तुम्ही रागानं नाही, सहज बोललात. सालदार ताटात पाहत राहिला.

जिनाच्या वाटेवर नाल्याच्या चढाआधी जी विहीर होती तिथं तुम्ही रोज गाड्या थांबवून बैलांना बादलीनं पाणी पाजायचात. भरली गाडी विहिरीवर थांबली की आपल्याकडे त्याचा अर्थ एकच, पण तुमच्या बाबतीत तो कुणी काढत नसे. तुमचा थोरला बैल दमेकरी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. तुमची गाडी पुढे निघाली की माझी मागे राहायची. एका सकाळी बैलांचं पिऊन झाल्यावर मी आणखी दोन बादल्या शेंदल्या, वरचा कापूस बाजूला सारला आणि खाली ओतल्या. जिनात गाडी काट्यावर गेली. हात कुणी घातलाच नाही, तुमची गाडी ना ती. परतताना तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत. ‘‘आते शिकना तू गाडी भराले.’’ त्या थापेसाठी मी पुढे पाच-सहा वेळा तेच केलं. पैसा सगळा तुमच्याच हाती जात होता, मला त्यातलं काही नको होतं. हे सांगून माझा गुन्हा हलका होत नाही, पण खरं आहे म्हणून सांगतो.

कुणीतरी पाहिलं असणार. जळगावच्या एका साप्ताहिकात चिमटे काढणारं एक सदर असायचं, त्यात तुमच्याबद्दल गावानिशी, नावानिशी आलं. ते मीच तुम्हाला ओट्यावर बसून वाचून दाखवलं: ‘आबांच्या कापसाच्या गाड्या जिनात जाण्याआधी विहिरीवर न चुकता थांबतात. मुक्या जनावरांची एवढी काळजी घेणारा शेतकरी साऱ्या तालुक्यात सापडायचा नाही.’ एकही शब्द वाईट नाही. बाहेरच्या माणसाला वाटावं, सत्कारच केलाय. तुम्ही ते मला पुन्हा वाचायला लावलंत. मग उठलात ते थेट जळगावच्या वकिलाकडे जायला.

वकील समजूतदार होते. ते म्हणाले, ‘‘आबा, नुसत्या शब्दांवर दावा उभा राहणार नाही. न्यायाधीश कोकणातले आहेत, त्यांनी कापसाची गाडी लांबूनच पाहिलेली. हे वाचून आपल्या भागातला माणूस काय समजतो, ते शपथेवर सांगणारं कुणीतरी लागेल.’’ तुम्ही गावात पाच-सहा जणांच्या दारी गेलात. सगळ्यांना अर्थ नीट कळला होता आणि एकही यायला तयार नव्हता. पिंजऱ्यात उभं राहून अर्थ सांगायचा तर समोरचा विचारणार, तुम्हाला हे कसं ठाऊक? आपल्या लोकांची हीच गंमत, पण तुम्हाला त्या दिवशी हसू आलं नाही. शेवटी मीच उरलो. वाचणारा मी, शिकलेला मी, गाडीबरोबर जाणारा मी. साक्षीसाठी तुम्ही मला पांढरा शर्ट शिवलात, तुमचा स्वतःचा कोपरावर विरला होता तरी.

कोर्टात तुमच्या वकिलांनी मला पेपर दाखवून विचारलं, ‘‘हे वाचून तुम्ही काय समजलात?’’ काय बोलायचं ते आदल्या दिवशी त्यांनी मला दोनदा समजावलं होतं. एकच वाक्य होतं: आबा कापूस ओला करून विकतात, असा याचा अर्थ होतो. वाक्य ओठांवर होतं. पण समोर दुसऱ्या बाजूचा वकील पेन्सिल फिरवत बसला होता आणि मला त्याचा पुढचा प्रश्न आधीच ऐकू येत होता: ‘पाणी फक्त बैलांनाच पाजलं जायचं ना?’ मी म्हणालो, ‘‘आबा बैलांना पाणी पाजतात, असं समजलो.’’ मागे कुणीतरी हसलं. तुमच्या वकिलांनी प्रश्न फिरवून पुन्हा विचारला. मी तेच उत्तर दिलं. दुसरा वकील जागेवरून अर्धवट उठला आणि म्हणाला, ‘‘मला या साक्षीदाराला काहीच विचारायचं नाही.’’ म्हणजे ज्या प्रश्नाला मी भ्यालो तो हा वकील विचारणारच नव्हता. तुमच्याकडे मी पाहिलं नाही.

मजकुरात स्तुती आहे, बदनामी नाही, म्हणून दावा फेटाळला. बाहेर पायऱ्यांवर मी काहीतरी पुटपुटलो, तर तुम्ही म्हणालात, ‘‘तुले जे समजनं ते तू सांगं. चाल, एस्टी चुकी जाई.’’ मी मुद्दाम तसं बोललो असेन हे तुमच्या मनातही आलं नाही. तुम्ही मला मंदबुद्धी समजलात, खोटा समजला नाहीत. तुम्ही शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

गावात लोक म्हणाले, पोटचा पोर बोलला नाही, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय. पुढच्याच आठवड्यात जिनात पारखी आपल्या गाडीजवळ आला आणि घुटमळला. त्याचीही पंचाईत झाली होती. तुम्हीच त्याला म्हणालात, ‘‘घाल भाऊ, घाल. कोपरलोंग घाल.’’ त्यानं बाही सारली. तुम्ही कुंपणापलीकडे पाहत उभे राहिलात. हात कोरडा निघाला, कारण मी ते केव्हाच बंद केलं होतं, पण आता कोरडा निघून काय उपयोग होता? त्यानंतर प्रत्येक गाडीत हात गेला. तुम्ही विहिरीवर थांबणं सोडलंत आणि दमेकरी बैल तसाच तहानलेला चढ चढू लागला. वर्षभरात मी धुळ्याला कचेरीत कारकून म्हणून लागलो. घरी सगळ्यांना वाटलं पोरगं मार्गी लागलं. मी पळालो होतो.

तुम्ही त्यानंतर चार वर्षं होतात. दिवाळीला यायचो तेव्हा आपण दोघं ओट्यावर बसायचो, आणि दर वेळी वाटायचं की आता बोलावं. तुम्ही पाऊसपाण्याचं विचारायचात, साहेब कसा आहे विचारायचात, आणि माझी सुट्टी संपायची. मला माफी नको आहे, आबा. तुम्ही कुणालाही फसवलं नाही आणि गेलात तेव्हा लोक तुम्हाला फसवणारे समजत होते. ते बदलू शकणारा या जगात एकच माणूस होता, तो धुळ्यात दर महिन्याला पगार घेत होता.

आत्ता धाकटी सून चहा घेऊन आली होती. म्हणाली, ‘‘नाना, एवढं मोठं पत्र कुणाला लिहिताय?’’ मी म्हणालो, ‘‘पेन्शनच्या कचेरीला.’’ खरं सांगितलं असतं तर तिनं पुढचं विचारलं असतं, आणि पुढच्या प्रश्नाची मला अजून तेवढीच भीती वाटते.